आपलें राज्य आणि आपलें बावखल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, १५ ऑगस्ट रोजीं मिस्सेनंतर झेंडावंदनाच्या प्रसंगीं एका निवृत्त शिक्षकानें केलेलें भाषण)



आज आपल्या घरीं दोन सण एकदम आले आहेत. पवित्र मरिया देहासह स्वर्गीं उचलली गेली, त्या सणाची मिस्सा आतांच आटोपली. आणि देवळाच्या अंगणांत राष्ट्राचा ध्वज फडकत आहे. १९४७ सालीं १५ ऑगस्ट शुक्रवारीं आला होता. आमच्या गांवचा जो मनुष्य आदल्या रात्रीं इंग्रजांची प्रजा म्हणून निजला, तो सकाळीं स्वतंत्र देशाचा मनुष्य म्हणून मिस्सेला गेला. वाट तीच होती. वाटेवरचा चिखलही तोच होता. मग बदललें तें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर माझ्या अल्प मतीप्रमाणें द्यावें, अशी फादर व्हिकारांची आज्ञा आहे. मी पंडित नव्हे. चौतीस वर्षें मराठी शाळेंत मुळाक्षरें शिकविलेला मास्तर आहें. म्हणून मोठमोठ्या गोष्टी थोरांवर सोपवून मी आपल्या गांवचेंच बोलणार आहें, आणि त्यांत माझा स्वतःचा एक अपराधही सांगणार आहें.

आपल्या वसईनें राज्यें पुष्कळ पाहिलीं. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानाकडून ती पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. १८०२ सालीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनीं ह्याच वसईंत इंग्रजांशीं तह केला, आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर येथें इंग्रजांचा अंमल कायम झाला. किल्ल्यांत आज पडक्या ख्रिस्तमंदिरांच्या भिंती आहेत आणि चिमाजी आप्पांचा पुतळाही आहे. ह्या सर्व राज्यांत आपला पूर्वज काय करीत होता? तो केळीची बाग शिंपीत होता, पानवेल चढवीत होता, समुद्रावर जाळें टाकीत होता, आणि सारा भरीत होता. धनी बदलला, वसुलाला येणारा बदलला. परंतु 'बाबा, तुझें मत काय?' असें त्याला कोणीं विचारलें नाहीं. तो रयत होता. रयतेनें आज्ञा पाळावी आणि शक्य तितकें नजरेआड राहावें, हें शहाणपण त्यानें पोराबाळांना शिकविलें. हें शहाणपण आपल्या रक्तांत अजून किती मुरलेलें आहे, तें पुढें सांगतों.

आपल्या समाजाविषयीं एक शंका कधीं उघडपणें तर कधीं कुजबुजत घेतली जाते, कीं ज्यांचीं आडनांवें पोर्तुगीज, त्यांचें मन ह्या देशांत कितपत रुजलें आहे? ह्यावर आपण काका बॅप्टिस्टा ह्यांचें नांव सांगतों, आणि तें सांगण्यासारखेंच आहे. खाडीपलीकडील उत्तन गांवांत ज्यांच्या घराण्याचें मूळ, असे हे जोसेफ बॅप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १९१६ सालीं टिळकांनीं होमरूल लीग स्थापिली, तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा झाले. पुढें १९२५ सालीं मुंबई कॉर्पोरेशनचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. त्यांचा अभिमान आपणांस अवश्य असावा. तथापि त्यांचें नांव दाखला म्हणून खिशांत बाळगणें मला रुचत नाहीं. स्वतंत्र देशांत कोणाही नागरिकास दुसऱ्याच्या पुण्याईवर आपलें देशप्रेम सिद्ध करण्याची पाळी येऊं नये.

घटना समितींत जे ख्रिस्ती सभासद होते, त्यांनीं हें चांगलें ओळखलें होतें. १९३५ च्या कायद्यानें ख्रिस्ती लोकांना निराळे मतदारसंघ दिले होते. समितींत मद्रासकडील येशूसंघीय धर्मगुरु फादर जेरोम डिसोझा होते. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठीं नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुकर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. ह्या मंडळींनीं आपल्यासाठीं राखीव जागांचा आग्रह धरला नाहीं. आपला हिंदु, मुसलमान, पारशी शेजारी आपल्याला आडनांवावरून न तोलतां कामावरून तोलील, असा विश्वास त्यांनीं ठेविला. आणि घटनेच्या पंचविसाव्या कलमांत सदसद्विवेकबुद्धीचें व धर्म पाळण्याचें, आचरण्याचें आणि प्रसार करण्याचें स्वातंत्र्य प्रत्येकास मिळालें. विश्वास ठेवला गेला कीं त्याचें ओझें दोघांवर येतें. शेजाऱ्यावर येतें, तसें आपल्यावरही येतें.

आतां माझ्या आजीची गोष्ट. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, तिची हकीकत ती मला नेहमीं सांगे. इंग्रजी अमदानींत मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण ह्यांवर अवलंबून असे. नव्या घटनेनें तो एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास दिला; १९८९ पासून अठराव्या वर्षीं मिळूं लागला. त्या पहिल्या खेपेस मतदारांची संख्या सतरा कोटींवर गेली होती. याद्या तयार करतांना एक अडचण अशी निघाली कीं, कित्येक स्त्रिया परक्या माणसास आपलें नांव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनीं अशी नोंद मान्य केली नाहीं, आणि मुख्यत्वेंकरून उत्तरेकडील प्रांतांतील सुमारें २८ लाख स्त्रिया त्यामुळें यादींतून गळाल्या.

माझ्या आजीच्या दारीं यादी करणारा आला, तेव्हां त्यानें तिलाही नांव विचारलें. बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत लिहिलेलें तिचें नांव लग्नानंतर कोणाच्या तोंडीं राहिलें नव्हतें. ती क्षणभर अडखळली, पदर सांवरला, आणि मग तिनें तें मोठ्यानें सांगितलें. संध्याकाळीं आजोबा शेतावरून आल्यावर ती म्हणाली, "आज सरकारनें मला माझें नांव विचारलें." साऱ्याच्या पावतीवर आजोबांचें नांव असे, घरावर, जमिनीवर, बैलगाडीवर त्यांचेंच असे. चार शतकांत जीं राज्यें होऊन गेलीं, त्यांपैकीं एकालाही माझ्या आजीची गरज पडली नव्हती. स्वातंत्र्य म्हणजे काय, असें मुलांनीं विचारलें कीं मी वर्गांत हीच गोष्ट सांगत असें.

बंधुभगिनींनो, नांव विचारलें जाणें ही सुरुवात झाली. पुढें त्या नांवानें उभें राहावें लागतें, आणि येथें मी चुकलों.

आपण सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहों. जुबिली हा शब्द मूळ इब्री लोकांचा. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत असा नियम आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांना मोकळें करावें, आणि ज्यानें अडचणीपायीं वडिलोपार्जित जमीन विकली असेल, त्याला ती परत मिळावी. सुटका आणि जमीन ह्या दोन गोष्टी त्या नियमानें एकत्र बांधल्या आहेत. मनुष्य मोकळा झाला, पण त्याच्या पायांखालची माती आणि त्याच्या बागेचें पाणी बलवंताच्या हातीं राहिलें, तर ती सुटका अपुरीच समजावयाची.

आमच्या आळींत एक बावखल होतें. आपल्या तरुणांनीं पुष्कळशीं बावखलें पाहिलीं नसतील, म्हणून सांगतों. पूर्वजांनीं खणलेलीं हीं तळीं पावसाचें पाणी सांठवीत, उन्हाळ्यांत बागांना पुरवीत, आणि विहिरींचें पाणी गोडें राखीत. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं आमच्या बावखलावर एका वजनदार गृहस्थाची दृष्टि गेली. ते माझे सोयरे. रात्रीं डंपर येत, माती टाकून पहांटेपूर्वीं परत जात. कांठावर एक विधवा भाजीचा मळा करीत असे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, कचेरींत द्यायला एक अर्ज लिहून द्या. मला लिहितां येत नाहीं, तुम्हांला येतें." पुढल्या रविवारीं बघूं, असें मीं म्हटलें. रविवारीं म्हटलें, सण होऊन जाऊं दे. सणानंतर म्हटलें, आधीं कागदपत्रें पाहावीं लागतील. चौथ्या वेळीं ती आली नाहीं. तोंवर बावखल बुजलें होतें.

मला कोणीं अडविलें होतें? दारांत शिपाई उभा नव्हता. गोऱ्या साहेबाचा हुकूम नव्हता. दहा रुपये भरून सरकारी कागदाची नक्कल मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्यानें प्रत्येक नागरिकास दिलेला होता. कागद माझा, लेखणी माझी, राज्यही माझें. आणि तरी मी भ्यालों. सोयरिकींत वितुष्ट येईल, लग्नाच्या मांडवांत कोणी 'या, बसा' म्हणणार नाहीं, एवढेंच तें भय. माझ्या आंतली जुनी रयत अजून जिवंत होती. आणि त्या वर्षींही १५ ऑगस्टला ह्याच अंगणांत मीं मुलांकडून देशभक्तीचीं गीतें म्हणवून घेतलीं.

२०१८ च्या जुलैंत वसईंत पाणी भरलें, वीज गेली, आगगाड्या बंद पडल्या, हें आपणां सर्वांस आठवत असेल. तेव्हां मी त्या बाईच्या घरीं गेलों. घरांत घोट्यापर्यंत पाणी होतें. एक बावखल राहिलें असतें तर पूर टळला असता, असें मी म्हणत नाहीं. ती मला म्हणाली, "मास्तर, चटई भिजली आहे, थांबा, पाट देतें." तिनें दुसरें कांहीं म्हटलें नाहीं. मला त्या पाटावर बसवेना.

पुढें पापनिवेदनाच्या वेळीं मीं हें सांगितलें. फादरांनीं प्रायश्चित्त दिलें, आणि "भरपाई कशी करणार?" असेंही विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याची संधि दोन वर्षांपूर्वीं आली. शेजारच्या आळींतील बावखलाच्या कांठीं मातीचे ढीग दिसूं लागले. ह्या खेपेस मीं त्याच रात्रीं अर्ज लिहिला. सतरा सह्या झाल्या. त्यांत आपली माणसें होतीं, तशीं हिंदु आणि मुसलमान शेजारीही होतीं. पहिला अंगठा त्याच बाईनें उठविला. काम तूर्त थांबलें आहे. निकाल अद्याप लागलेला नाहीं. एका सोयऱ्यानें माझ्याशीं बोलणें टाकलें आहे, त्याचें दुःख मला आहे. पण यंदाचा पाऊस त्या बावखलांत सांठला आहे.

कराच्या नाण्यावरील मुद्रा पाहून प्रभूनें दिलेलें उत्तर आपण सर्व जाणतों. त्या काळीं राजा एक होता आणि रयत अनेक होती. आतां राजपद आपल्या सर्वांत वांटलें गेलें आहे. म्हणून राज्याचें जें देणें लागतें, तें कर भरून फिटत नाहीं. मत द्यावें लागतें, खरी साक्ष द्यावी लागते, ग्रामसभेंत उभें राहून विचारावें लागतें, आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज वेळेवर लिहून द्यावा लागतो. देशावर प्रेम करणें म्हणजे काय, हें मला उतारवयांत एवढेंच कळलें आहे: ज्या शेजाऱ्याला आपली गरज आहे, त्याच्यासाठीं आपल्याच माणसांचा रोष पत्करणें.

आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें झालीं. ज्यांनीं डोक्यावरून रेती वाहून हें देऊळ उभारलें, त्यांना आपण आज मिस्सेंत स्मरलें. त्यांच्या स्मरणार्थ एक विनंती करतों. आपल्यांत शिकलेलीं मुलेंमुली आतां पुष्कळ आहेत. महिन्यांतून एका रविवारीं त्यांपैकीं दोघांनीं कागद-लेखणी घेऊन देवळाच्या ओटीवर बसावें, आणि जात-धर्म न विचारतां जो येईल त्याचा अर्ज लिहून द्यावा. पहिल्या रविवारीं मी स्वतः बसेन. त्या बाईला मीं तीनदां परत पाठविलें होतें. आतां कोणी परत जाऊं नये.

परमेश्वर आपलें, आपल्या गांवाचें आणि आपल्या देशाचें कल्याण करो. जय हिंद!