सरकारी वकील कोणाचा?

(नवीन पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



तळोजा कारागृह याच पनवेल तालुक्यात आहे. तेथे निकालाची किंवा अपिलाची वाट पाहणाऱ्या गरिबांचा प्रश्न नवीन पनवेलच्या कार्यकर्त्याला परका असू शकत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा निकाल समजून घेणे अगत्याचे आहे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. अत्याचार झाले, पाच जणांचे प्राण गेले. भटक्या जमातींतील सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली.

वस्तुस्थिती काय होती? हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि फिर्यादी पक्षाने ही बाब दडवली. फेरविचार याचिकेनंतर अपिले नव्याने ऐकली गेली, तेव्हा न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई, त्या चौघांबाबत पुढील तपास आणि दोषी अधिकाऱ्यांचा शोध, असे आदेश दिले. तोवर सुमारे सोळा वर्षे सरली होती.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे. वरचे न्यायालय मुख्यतः खालच्या न्यायालयातील कागद तपासते. जे तेथे पुढे आले नाही, ते वर दिसणे दुरापास्त. म्हणून सरकारी वकिलाची जबाबदारी मोठी. तो पोलिसांचा वकील नव्हे. आरोपीला उपकारक ठरणारा पुरावाही न्यायालयापुढे ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. श्रीमंत आरोपी दडवलेला कागद शोधून काढील. पालावरच्या माणसाने कोठे शोधावा?

यात मृतांचा विसर पडतो, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात त्यांच्यावरही अन्यायच झाला. निरपराधांना कोंडले आणि ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले होते त्यांना कोणी विचारलेही नाही.

तेव्हा केवळ निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. वस्तीतील माणूस पकडला गेला, की त्याच्या घरच्यांबरोबर विधी सेवा समितीकडे जावे. दोषारोपपत्र, जबाब, ओळख परेडचे कागद यांच्या प्रती मिळवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे, पोलिसांनी ज्यांचा आधार घेतला नाही अशा जबाबांची व कागदांची यादीही आरोपीला मिळाली पाहिजे. ती यादी वकिलाकरवी खटल्याच्या आरंभीच मागावी. सोळा वर्षांनी मिळालेली निर्दोषता माणसाला तुरुंगाबाहेर आणते. गेलेले आयुष्य परत देत नाही.