गळ्यातली पट्टी



वडवणीच्या बाजारात पुष्कळ जण आम्हांला विचारतात, "गुरुजी, पोरांना टाय असतो तीच शाळा चांगली ना?" म्हणून आज टायचीच गोष्ट सांगतो.

टाय म्हणजे गळ्याला बांधायची पट्टी. ती विलायतेहून आली. तिथे ऑक्सफर्ड गावी मोठे विद्यापीठ आहे. १८८० साली तिथल्या नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंनी टोपीची रंगीत फीत काढली आणि गळ्यात बांधली. ही आमच्या संघाची खूण! पुढे क्रिकेटच्या संघांनी आपापल्या रंगांचे टाय केले. शाळांनीही केले. खेळातली खूण अशी साहेबी पोशाखात शिरली.

पण खूण म्हणजे गुण नव्हे, बरं का! पाळवणकर बाळू हे आपल्याकडचे थोर गोलंदाज. ते अस्पृश्य मानलेल्या समाजातले. म्हणून पुण्यात खेळताना त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात देत. तेच बाळू १९११ साली विलायतेत खेळले. तिथे त्यांनी शंभरावर गडी बाद केले!

आपला माणूस ऊसतोडीला जातो, तेव्हा गळ्यात रुमाल असतो. तो घाम पुसतो, ऊन अडवतो. त्याची लाज कशाला?

शाळेने सांगितले तर पोराला टाय जरूर घाला. पण शाळा टायवरून पारखू नका. संध्याकाळी पोराला जवळ बसवा. म्हणा, "एक पान वाचून दाखव." चुकलं तर तुम्हांला कळेल. आता तुम्हांलाही वाचता येतं!