प्रयोगशाळेचे दार



ज्या गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वंदन करून मी आपल्या इंदूरच्याच एका कन्येविषयी बोलणार आहे.

दुर्गाबाई भागवतांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांचाही जन्म याच नगरीत १९११ साली झाला. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेतले गेले. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवरील त्यांच्या कामाने सर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. विज्ञानात हा मान मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

ही विजयकथा खरी; परंतु मला त्या अटीविषयी बोलायचे आहे. एखादा मुलगा नापास झाला, तर तो एकटा नापास होतो. कमलाबाई अपयशी ठरल्या असत्या, तर सगळ्या स्त्रीजातीवर तो शिक्का बसला असता. हे ओझे गुणवत्तेच्या मोजमापात धरलेच जात नाही.

ते अजूनही पुरते उतरलेले नाही. जगातील संशोधकांत स्त्रिया एक तृतीयांशाच्या आसपासच आहेत. भारतात त्याहूनही कमी. १९०१ पासून २०२४ पर्यंत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक केवळ पाच स्त्रियांना मिळाले.

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकविले. प्रयोगाच्या तासाला चौघांचा गट केला, की ब्युरेट बहुधा मुलाच्या हाती जाई आणि सुवाच्य अक्षरात जर्नल लिहिण्याचे काम मुलीकडे येई. तिला कोणी मज्जाव केलेला नसे. तरीही दार अर्धवट मिटलेलेच असे.

म्हणून या शाळेकडे माझे एकच मागणे आहे. ब्युरेट मुलीच्याही हाती द्या. एखादे वेळी तिच्या हातून ती फुटेलही. तेव्हा जसे मुलाला म्हणतो, तसेच तिलाही म्हणा : दुसरी घे, प्रयोग पुन्हा कर.