पाटी आणि वही
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आजचा विषय लहान दिसेल; परंतु त्याने आम्हांस एकदा मोठाच धडा दिला आहे, म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

सन २००९ मध्ये मंडळाच्या शिष्यवृत्तीची यादी ई-मेलने आमच्याकडे तपासण्यासाठी आली. पत्रासोबतची फाइल आम्ही तेथल्या तेथेच उघडली, रात्री बसून नावे दुरुस्त केली, राहिलेल्या एका मुलीचे नाव घातले, ‘सेव्ह’ केले आणि निश्चिंत झालो. सकाळी तेच पत्र जसेच्या तसे पुढे धाडले. त्यासोबत गेली ती जुनीच यादी! पुढे त्या मुलीचे वडील दारी आले, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचेना. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

घडले ते असे. पत्रासोबतची फाइल उघडली म्हणजे संगणक तिची एक तात्पुरती प्रत करतो व तीच आपणांस दाखवितो. पत्रातील मूळ फाइल अस्पर्श राहते. विंडोजवरील क्लासिक आउटलुकमध्ये ही प्रत ‘कंटेंट.आउटलुक’ नावाच्या एका लपलेल्या कप्प्यात जाते. फाइल बंद केली की ती बहुधा पुसली जाते. परंतु फाइल उघडी असतानाच आउटलुक बंद केले, तर प्रत तेथेच पडून राहते. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर ही प्रत म्हणजे पाटी. पाटीवर गणित सोडवावे. पण तीच वही समजू नये, आणि परक्याच्या घरी ती न पुसता ठेवून येऊ नये.

यास्तव चार नियम आम्ही पाळतो. पहिला : फाइलीत काही लिहावयाचे असेल तर ती प्रथम आपल्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जतन करावी, मग तेथूनच उघडावी. दुसरा : आधी फाइल बंद करावी, नंतर टपालाचा प्रोग्रॅम. तिसरा : दुकानातील अथवा कचेरीतील संगणकावर मुलीची विवाहविषयक माहिती, आधारपत्र वा बँकेचे पासबुक उघडावे लागले, तर ‘डाउनलोड्स’मधील प्रत काढावी, ‘रिसायकल बिन’ रिकामी करावी आणि आपल्या खात्यातून बाहेर पडावे. घरच्या मुलीचे छायाचित्र व पत्ता अनोळखी माणसाच्या यंत्रात राहणे कोणास रुचेल? शक्यतो असे कागद परक्या यंत्रावर उघडूच नयेत. चौथा : घरच्या संगणकावर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, तेथून ‘स्टोरेज’ व ‘टेंपररी फाइल्स’ येथे जाऊन अधूनमधून केर काढावा. मात्र ‘डाउनलोड्स’समोर खूण नाही ना, हे आधी पाहावे, नाहीतर हवे असलेले कागदही जातील. आउटलुकचा तो कप्पा याने साफ होईलच असे नाही. तो घरातील जाणत्या मुलाकडून, आउटलुक बंद ठेवून, रिकामा करवून घ्यावा. तत्पूर्वी आत आपले काही दुरुस्त केलेले काम राहिले नाही ना, तेही पाहावे.

तात्पुरती प्रत पुसल्याने पत्रातील मूळ फाइल नाहीशी होत नाही. तेव्हा भिण्याचे कारण नाही.

त्या मुलीचे नाव पुढे पुरवणी यादीत आले. पण तिला दोन महिने वाट पाहावी लागली. आपल्या घरी कोणास अशी वाट पाहावी न लागो, इतकीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.