पाणी किती खोल, माणूस किती खाली
(वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी डॉकात गोणी उचलणारा. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला बोलावलंत, पण आज कविता नाही. आज नकाशा.

शहराच्या पोटात पाणी किती खोल, याचे नकाशे निघतात. केंद्रीय भूजल मंडळ ठरलेल्या विहिरींचं पाणी वर्षातून चारदा मोजतं : जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. विहिरीत फीत सोडायची, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. सारख्या खोलीच्या जागा रेघेनं जोडायच्या. झाला नकाशा. यात कुठली ब्रह्मविद्या नाही.

पण ती रेघ सावधपणे वाचा. मुंबईखाली काळा कातळ. पाणी राहतं ते झिजलेल्या दगडात आणि भेगांत. एका विहिरीला पाणी, दहा पावलांवर बोअर कोरडी. मधली रेघ अंदाजाची. आणि सखल भागात, भरणीच्या जमिनीवर, जिथं आपल्याला ढकललंय, तिथं पाणी हाताशी असतं. नकाशा म्हणतो, इथं मजा आहे. अरे, पण त्यात खाडीचं मीठ आणि गटार! समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की गोड्याची पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं चाळीस फूट वर चढतं. उपसा पंपवाल्याचा, खारट घोट आपला.

1882 चा ईझमेंट्स ॲक्ट सांगतो, आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी गोळा करायचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला पाताळही नाही!

1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव पास झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेब लागले. हायकोर्टानं हक्क मानला तो 1937 साली. तिथं पाणी किती खोल हा सवालच नव्हता. माणूस किती खाली, हा होता. 2014 साली हायकोर्टानं पुन्हा सांगितलं, बेकायदा ठरवलेल्या झोपडीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे. कागद झाला. ओंजळ?

म्हणून आपला नकाशा आपण काढायचा. मे महिन्यात सगळ्या वस्त्यांत एकाच आठवड्यात, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा. रकाने पाच : खोली किती, गोडं की खारं, संडास-गटार किती पावलांवर, विहीर कुणाच्या ताब्यात, आणि कुणाला भरू देत नाहीत. शेवटचा रकाना सरकारी नकाशात नसतो. तोच आपला.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. "तुमच्याकडे विहीर आहे, नळ कशाला?" असं साहेब म्हणेल. तेव्हा तिसरा रकाना त्याच्या टेबलावर आपटायचा. विहीर धुण्या-भांड्याला. प्यायला नळच पाहिजे, आणि तो हक्काचा.

फीत नसेल तर सुतळी घ्या. टोकाला दगड बांधा, फुटाफुटावर गाठ मारा. येत्या मेपासून सुरुवात.

जय भीम!