आधी काय, मग काय?



निवडणूक जवळ आली की उमेदवाराचे पत्रक घरोघर येऊन पडते. त्यात पाणी असते, रस्ते असतात, बागा, व्यायामशाळा, नाट्यगृह, दिवे, सारे काही असते. नसतो तो एकच शब्द, आणि तो म्हणजे 'नंतर'. आधी काय करावयाचे आणि त्यासाठी काय थांबवावयाचे, हे जो सांगत नाही त्याने आपले धोरण सांगितले असे म्हणता येत नाही. त्याने केवळ यादी वाचून दाखविली. खानदेशातील जळगाव आणि धुळे या दोन वाढत्या शहरांत तर हा भेद मतदाराने नीट ध्यानी धरावयास पाहिजे.

1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. धुळे हे आखून वसविलेले शहर. पेशवाईनंतर येथे कारभारी म्हणून आलेल्या कॅप्टन ब्रिग्जच्या वेळी सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या गल्ल्या अद्यापि त्या शिस्तीची आठवण देतात. जळगाव वाढले ते आगगाडीने आणि कापसाने. 2003 साली दोन्ही ठिकाणी नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. 2011 च्या जनगणनेत जळगावची वस्ती सुमारे 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची सुमारे 3 लाख 75 हजार भरली. पिंप्राळा आणि मेहरुण ही एके काळची निराळी गावे जळगावात केव्हाच मिसळून गेली. धुळ्याने 2018 साली वलवाडी, मोहाडी, अवधान आदी लगतची गावे आपल्या हद्दीत घेतली.

हद्द कागदावर एका दिवसात वाढते. नळ, गटार आणि रस्ता यांना तेथवर पोहोचावयास वर्षे लागतात. मधल्या काळात घरपट्टीची मागणी मात्र वेळेवर जाते! शेतजमिनीवर नवे भूखंड पडतात, घरे बांधली जातात, माणसे राहावयास येतात, आणि मग पावसाळ्यात चिखल तुडवीत मुले शाळेला निघतात. वाढत्या शहराचे खरे दुखणे ते हेच.

मग आधी काय करावे? या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्यानेच देऊन ठेविले आहे. महानगरपालिकांचा कायदा 1949 सालचा. त्याच्या 63 व्या कलमात आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत, आणि 66 व्या कलमात ऐच्छिक. पाणीपुरवठा, गटारे, केरकचरा, दिवाबत्ती, रस्ते, प्राथमिक शिक्षण ही आवश्यकांत मोडतात. बागा, वस्तुसंग्रहालये यांसारख्या गोष्टी ऐच्छिकांत. ऐच्छिक गोष्टी टाकाऊ नव्हेत. जळगावच्या कडक उन्हाळ्यात झाडांची सावली ही काही चैन नव्हे. तथापि ताटात भाकरी नसता लोणच्याच्या वाट्या मांडीत बसणे शहाणपणाचे नाही.

दुसरे अर्धे उत्तर तिजोरीकडे पाहिल्यावाचून मिळत नाही. एके काळी जकात हा शहरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. ती गेली; तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 साली बहुतांशी उठला; 2017 साली वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान यांवरच मुख्य भिस्त. कर्जाचा अनुभवही जळगावला आहे. घरकुल योजनेसाठी काढलेले हुडकोचे कर्ज पुढे वर्षानुवर्षे महापालिकेच्या मानेवर बसले, आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. म्हणून जो उमेदवार काम सांगतो त्याने पैसा कोठून येणार हेही त्याच वाक्यात सांगावे.

आता पाण्याचे उदाहरण घ्यावे. जळगाव वाघूर धरणाचे पाणी पिते. धुळ्याला तापीचे पाणी दुरून आणावे लागते, आणि नकाणे व डेडरगाव या तलावांचाही आधार घ्यावा लागतो. धरणात पाणी असूनही कित्येक दिवसांआड नळ येण्याचा काळ लोकांनी पाहिला आहे. अशा वेळी टाकीजवळची घरे विजेच्या पंपाने नळातून पाणी ओढतात, दाब उतरतो, आणि नळवाहिनीच्या टोकाशी असलेल्या वसाहतीत तोटी नुसती फुसफुसते. हा तुटवडा सर्वांवर सारखा पडत नाही. जो शेवटी राहतो त्याच्यावरच पडतो.

याच खानदेशात पांझरेच्या काठी वडीलधाऱ्यांनी यावर तोड काढली होती. ती फडपद्धती होय. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे आणि बहुतेक शेतकऱ्यांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत. पाणी कमी आले की पंच एखादा फड कोरडा ठेवीत. तोटा एकाचा होत नसे. तो सर्वांत वाटला जाई. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पाटाची दुरुस्ती सर्वांची. त्यांच्यापाशी मोठी यंत्रे नव्हती, पण न्यायाचा हिशेब होता. विभागवार उंच टाक्या, सारखा दाब आणि ठरलेली पाळी, हे त्याच हिशेबाचे शहरी रूप आहे.

दोन्ही शहरांतील निवडून आलेल्या सभासदांची मुदत 2023 साली संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु शेवटच्या गल्लीतील गृहिणीने कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून उमेदवार दारी येतो तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आधी कोणते काम? त्याचा पैसा कोठून? आणि त्यासाठी काय मागे राहील? तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा काही मते गमावील हे खरे. परंतु जो निवडणुकीआधी 'हे नंतर' म्हणावयास कचरत नाही, त्याचेच 'हे आधी' निवडणुकीनंतर विश्वासास पात्र ठरते.