धाकट्याच्या चालीने



व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो नव्या कामगार संहितांवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. त्यासाठी मला वर्षभर द्वारसभा आहेत. आज मी सहलीवर बोलणार आहे. हसू नका. वाळूजला सभा आटोपली की एखादा कामगार मला बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, आमचं पोरगं तसलं आहे. सात वर्षं झाली, कुठं गेलो नाही. लग्नाला नाही, जत्रेला नाही." पगाराची तक्रार हाच मनुष्य चारचौघांत ओरडून सांगतो, ही मात्र कुजबुजत सांगतो.

'तसलं' म्हणजे स्वमग्न. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत लिहिली, तेव्हापासून वैद्यकात या स्थितीची स्वतंत्र ओळख झाली. पुढे कित्येक वर्षे दोष आईच्या माथी मारला गेला. आई थंडपणे वागली म्हणून मूल असे झाले, असे विद्वान मंडळी म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, ते मत पुराव्यानिशी खोडून काढले. आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते, २०१६ च्या कायद्यात ते आले. कायद्यात आले, एस.टी. स्टँडच्या बाकावर अजून यावयाचे आहे.

माझा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. २०१३ साली तो आठ वर्षांचा होता, थोरला बारा. एका मित्राची जीप घेऊन आम्ही चौघे पत्नीच्या माहेरी नागपूरला निघालो. जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा असा तो जुना रस्ता. मेहकरच्या अलीकडे पुलाचे काम चालू होते म्हणून गाडी आडवाटेने वळवावी लागली, आणि धाकट्याने समोरच्या बाकावर डोके आपटावयास सुरुवात केली. एका धाब्यापाशी थांबलो तर माणसे जमली. एकाने बाहेरची बाधा सांगितली, दुसऱ्याने दोन फटके सुचविले. आम्ही तेथूनच परतलो. रात्री थोरला भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हणजे आता आपण कधीच कुठं जायचं नाही का?" त्यानंतर दोन वर्षे खरोखरच कुठे गेलो नाही.

मार्ग सापडला तो पैठणच्या एका वारकरी म्हाताऱ्यामुळे. त्याला सहज विचारले, इतकी वर्षे पायी पंढरपूरला जाता, थकवा येत नाही काय? तो म्हणाला, "उद्याचा मुक्काम ठाऊक असला की पाय दुखत नाहीत." मला एकदम उमगले. आमच्या मुलाला प्रवासाची भीती नव्हती. पुढे काय येणार हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मग आम्ही एक वही केली. एका पानावर एक थांबा, त्याचे छायाचित्र: घराचे फाटक, जालन्याचा चहा, सिंदखेडराजाचा राजवाडा, असे थेट मामाच्या दारापर्यंत. निघण्याआधी पंधरा दिवस रोज रात्री ती वाचावयाची. थांबा मागे पडला की धाकट्याने स्वतः त्या पानावर फुली मारावयाची. मध्ये एक पान कोरे, त्यावर नुसते प्रश्नचिन्ह. वाटेत बदल झाला की ते पान उघडावयाचे. आडवाटेचे औषध ते.

बाकीची तयारी साधी आहे. मराठवाड्याचे ऊन चढण्याआधी, पहाटे चारला निघावयाचे. दीड तासाला थांबा. जागा नेहमीचीच, डबा नेहमीचाच, त्यात दहीभात. हॉर्नचा त्रास होतो म्हणून कानांवर हेडफोन. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: अशा पुष्कळ मुलांना पाण्याची फार ओढ असते, आणि धोका कळत नाही. कायगाव टोक्याला गोदावरी दिसली की एका मोठ्या माणसाचा हात मुलाच्या हातात असलाच पाहिजे. त्या वेळी फोन घेऊ नये.

समृद्धी महामार्गाविषयी मला विचारतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. गतिरोधक नाहीत, गर्दी नाही, हे आमच्या मुलाला मानवते. इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा वहीत आधी दाखविला होता. त्याने त्यातले दिवे मोजले. पण तेथे मनास येईल तेथे थांबता येत नाही, आणि आमचा सारा प्रवास थांबण्यावर चालतो. नागपूरला म्हणून आम्ही अजून जुन्याच रस्त्याने जातो. चार तास जास्त लागतात, लागू देत. २०१८ साली नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून गेला. त्यात पायांना फोड आलेल्या म्हाताऱ्या होत्या. मोर्चाची चाल तरण्यांच्या पायांवर ठरवून चालत नाही, हे आम्हा संघटनेच्या लोकांना सांगावे लागत नाही. घरात मात्र मला ते शिकावयास पाच वर्षे लागली.

थोरल्याचाही हिशेब ठेवावा लागतो. दर प्रवासात एक थांबा केवळ त्याचा. लोणारला पत्नी धाकट्याला घेऊन झाडाखाली बसली आणि मी थोरल्याबरोबर विवरात उतरलो. उल्का आदळून झालेला तो खळगा पावणेदोन किलोमीटरहून रुंद आहे. तासभर तो माझ्याशी एकसारखा बोलत होता. इतका बोलका मुलगा आपल्या घरात आहे हे मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटली.

आता थोडे माझ्या धंद्याचे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. अशा मुलाच्या बापाची ती रजा दवाखान्याच्या फेऱ्यांत एकेक दिवसाने संपते, सलग चार दिवस उरत नाहीत. कंत्राटी कामगाराला तर रजा कागदावरच. तेव्हा मुलाच्या उपचारांसाठी वेगळी रजा मागा. ती मागणी मी यंदा आमच्या मागणीपत्रात घातली आहे. व्यवस्थापनाने पहिल्या बैठकीत विचारले, असे किती कामगार आहेत? आम्हाला आकडा देता आला नाही, कारण सारे कुजबुजतात. सभागृहात कोणी असतील त्यांनी नाव द्यावे.

वही मी बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठापाशी यावे. ही दुसरी वही आहे. पहिली धाकट्याने मामाकडे ठेवून घेतली, परत देत नाही.